प्रवाळांची दुपारची झोप

प्रवाळ दुपारी एक ते तीन झोपतात आणि रविवारी मात्र झोपत नाहीत, असा शोध मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना लावला. वहीत तो सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे. खाली लाल पेनाने दोन रेघाही ओढल्या आहेत. ती वही मी टाकलेली नाही. आपल्याला बरंच कळायला लागलंय असं वाटू लागलं की मी ते पान काढून वाचते.

आमचं गाव कामशेतवरून पवनेच्या बाजूला आत जावं लागतं. भाताची थोडी शेती आहे, आणि वडील, म्हणजे आप्पा, एका कारखान्यात पाळीवर जातात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरच्यांना विचारता येत नाही आणि मलाही सांगता येत नाही. प्राणिशास्त्र म्हटल्यावर चुलत्यांनी मला त्यांची आजारी गाय दाखवली होती. मी गायीकडे बराच वेळ बघून मान डोलावली. चार दिवसांनी गाय आपोआप बरी झाली आणि गावात माझं नाव झालं.

कॉलेज लोणावळ्याला. तिथे माझी अडचण वेगळी होती. मला कोणाला पटकन नाही म्हणता येत नसे. नाही म्हणायच्या आधी मी मनात वाक्य जुळवत बसायची, आणि ते जुळेपर्यंत समोरचा माणूस हो समजून निघून जायचा.

प्रवाळ माझ्याकडे आले ते असेच. आमच्या विभागात एक खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. एका मॅडमनी ती काही वर्षं जपली होती. समुद्रातले दगडी प्रवाळ पाळायला बंदी आहे, हे आम्हाला त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. त्यांच्याकडचं प्रवाळ मऊ जातीचं, टाकीतच वाढलेलं. एका देठावर बारीक फुलांसारखे झुपके, आणि पाण्याबरोबर ते झुपके डोलायचे. ते कापून त्याचे तुकडे लहान लहान दगडांवर लावले की प्रत्येक तुकडा वेगळा वाढतो. गुलाबाच्या कलमासारखंच. म्हणून मी त्यांना कलमंच म्हणायची. जानेवारीत मॅडमनी अशी बरीच कलमं केली आणि वर्गात म्हणाल्या, सगळी एकाच टाकीत ठेवणं धोक्याचं आहे, बारा कलमं कोणीतरी घरी सांभाळा, त्यावरच प्रकल्प करा.

मी वाक्य जुळवायला घेतलं. "मॅडम, आमच्याकडे तसं..." इथपर्यंत ते तोंडातून बाहेरही आलं. बाकीचे सगळे बाकाकडे बघत होते.

"छान," मॅडम म्हणाल्या. "तू ने."

टाकी, दिवा, हीटर, पंप, मिठाची पिशवी आणि कॉलेजच्या टाकीतले थोडे जुने दगड असं सगळं आप्पांच्या ओळखीच्या टेम्पोतून आधीच घरी गेलं. कलमं मात्र मी थर्माकोलच्या खोक्यातून, मांडीवर घेऊन लोकलने आणली. शेजारच्या मावशींनी मळवलीपर्यंत धीर धरला, मग विचारलं की मासळी कोणती आहे. मी प्रवाळ म्हणाले. त्यांनी झाकण उचलून वास घेतला आणि मला सांगितलं की ताजी आहे, पण घरी गेल्यावर लगेच हळद-मीठ लाव.

टाकी बाहेरच्या खोलीतल्या सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवली. तिथे भाताची पोती असायची. आप्पांनी पोती आत नेली, आणि आतल्या खोलीतली माझी कॉट पुढची दोन वर्षं तिरकीच राहिली. पाण्यासाठी मी फिल्टरच्या पाण्याचे जार आणले. पिण्याचं पाणी विकत आणून त्यात आपली मुलगी मोजून मीठ घालते आहे, हे आईने दारात उभं राहून सगळं बघितलं. ती एवढंच म्हणाली की शेजाऱ्यांनी काही विचारलं तर तिला सांगता येईल असं काहीतरी मी तिला सांगून ठेवावं.

मॅडमनी मला बजावलं होतं की तीन गोष्टी सांभाळायच्या: खारटपणा, उजेड आणि पाण्याचा प्रवाह. पहिल्या दोन मोजता येतात. प्रवाह बघत बसावा लागतो. प्रवाळ जागचं हलत नाही, त्याचं खाणं पाण्यानेच त्याच्यापर्यंत आणायचं आणि त्याची घाण पाण्यानेच न्यायची. पाणी जोरात थेट अंगावर आलं तर नवं कलम फाटतं. पाणी थांबलं तर ते स्वतःच्याच चिकट स्रावात गुदमरतं. म्हणून पंप दिवसरात्र चालू हवा, पण तोंड वळवून, दगडांवरून पाणी परतून येईल असा.

मी पंप लावला. टाकीतून पाणी पडल्यासारखा बारीक, अखंड आवाज सुरू झाला. आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, की नळ कोणी चालू ठेवलाय.

आमच्या गावात नळाला सकाळी तासभर पाणी येतं. एरवी घरात पाणी वाहण्याचा आवाज आला तर त्याचा अर्थ एकच, कोणीतरी तोटी उघडी टाकलीय किंवा मोटार बंद करायची राहिलीय. लहानपणापासून हा आवाज ऐकला की आम्ही हातातलं काम टाकून धावतो. आई पहिल्या आठवड्यात चार-पाच वेळा धावली, मोरीपर्यंत जाऊन परत आली, माझ्या टाकीकडे रागाने बघितलं. मग तिचं धावणं बंद झालं. मला वाटलं, तिला सवय झाली.

आता शोधाबद्दल. मी सकाळी सातला घर सोडायची ती साडेचारला परत यायची. दिवसभरात कलमं काय करतात हे बघायला मी आमचा काच तडकलेला जुना मोबाइल टाकीसमोर मांडला आणि दर अर्ध्या तासाला आपोआप फोटो निघेल अशी सोय केली. या सोयीचा मला फार अभिमान होता. पहिल्या आठवड्याचे फोटो मी ओळीने बघितले. साडेबारापर्यंत झुपके छान फुललेले. एकच्या फोटोत मलूल. दीडच्या आणि दोनच्या फोटोत माना टाकलेल्या. साडेतीनला पुन्हा फुललेले. दिवा तर सगळा वेळ चालूच. दुसऱ्या आठवड्यात तेच, फक्त रविवार सोडून.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मिळेल ते वाचलं. दुपारच्या झोपेबद्दल कुठेच काही नव्हतं. यावरून मी असा अर्थ काढला की हे कोणाच्या लक्षातच आलेलं नाही. रविवारचं काय करायचं ते मला आठ दिवस सुचत नव्हतं. शेवटी मी वहीत लिहिलं, 'रविवारी निरीक्षक खोलीत उपस्थित असल्यामुळे प्रवाळांच्या विश्रांतीत व्यत्यय येत असावा.' निरीक्षक म्हणजे मी. हे वाक्य लिहिताना मला किंचित अपराधीही वाटलं, आणि पुढच्या दोन रविवारी मी टाकीजवळून चवड्यांवर चालले.

मॅडमनी वही वाचून चष्मा काढला. म्हणाल्या, गंमतच आहे. मग विचारलं, "पंप चालू असतो ना?"

"हो मॅडम. मी बंदच करत नाही."

हे खरंच होतं. मी बंद करत नव्हते. मार्चमध्ये विभागाचं चर्चासत्र होतं, त्यात मी हे मांडावं असं ठरलं. मी घरी जाऊन आईला सांगितलं की मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे. तिने विचारलं, गायीवर का?

फेब्रुवारीच्या शेवटी एका सुट्टीत कॉलेजच्या बाजूची वीज दीड दिवस गेली आणि विभागातल्या टाकीचा इन्व्हर्टर लागलाच नाही. सोमवारी दार उघडलं तेव्हा बाहेरच्या वऱ्हांड्यातच वास येत होता. मॅडमनी स्वतः हातमोजे घालून टाकी रिकामी केली, आम्हाला कोणाला हात लावू दिला नाही. शेवटी हात धुताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता तुझ्याकडचीच."

त्या दिवसापासून मी मॅडमच्या समोर यायचं टाळू लागले. कारण माझ्याकडची बारा कलमं तोवर बारा नव्हती, आणि हे मी मॅडमना सांगितलेलं नव्हतं. डावीकडच्या कोपऱ्यातल्या तीन कलमांवर तपकिरी बुळबुळीत थर आला होता. दोन तर देठापासून विरघळल्यासारखी झाली होती. मी वाक्य जुळवत होते. 'मॅडम, तसं सगळं ठीक आहे, पण...' इथपर्यंत आलं होतं.

प्रवाह कमी पडतोय एवढं माझ्या लक्षात आलं. म्हणून मी पंपाचं तोंड थेट त्या कोपऱ्याकडे वळवून वेग वाढवला. सकाळी उठून बघते तर ती तिन्ही कलमं उताणी पडलेली आणि शेजारचं एक चांगलं कलम गायबच. दोन तास शोधूनही ते सापडलं नाही. ते पंपात गेलं असावं, असं आता मला वाटतं. तेव्हा मी पंपाचं तोंड पुन्हा पहिल्यासारखं केलं आणि वहीत 'स्थलांतर?' असं लिहिलं.

मग एका बुधवारी शेवटचे दोन तास झाले नाहीत आणि मी एक वाजून चाळीस मिनिटांनी घरी पोचले. दारातच मला काहीतरी वेगळं वाटलं. काय ते लगेच कळलं नाही. घर शांत होतं. आई बाहेरच्या खोलीत चटईवर, हात डोक्याखाली घेऊन गाढ झोपली होती. टाकीतला दिवा लागलेला होता. पाणी काचेसारखं स्थिर होतं आणि सगळी कलमं माना टाकून उभी होती. बोर्डावरची तीन बटणं मी बघितली. दोन खाली होती, पंपाचं वर.

मी आईला हलवून उठवलं. असं मी कधी करत नाही.

"आई, पंप तू बंद केलास?"

"मग?" ती डोळे चोळत म्हणाली. "पानी वाहत आसलं की डोळा लागतोय व्हय माणसाचा? सारखं वाटतं, मोटार राह्यलीय."

"रोज करतेस?"

"रोज कशाला? ऐतवारी तू असतीस की घरात. तुजं तू बघशील."

मी खाली बसले. रविवारचं कोडं सुटलं होतं. चवड्यांवर चाललेली मी मलाच दिसत होते.

"आन् उठल्यावर लावते की परत," आई म्हणाली. "तसंच ठिवलंय का मी कधी? तीनला च्या टाकला की पयलं त्येच बटान."

तिच्यावर चिडायला मला काहीच सापडेना. वीज वाया जाऊ नये, आवाज होऊ नये आणि मुलीचं कामही अडू नये, अशी सगळी काळजी तिने घेतली होती. पंप बंद करू नको हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी मला सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवलं होतं. आईला काही सांगावं लागेल हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी उठून बटण खाली केलं. आई जवळ आली, काचेला नाक लावून तिने पहिल्यांदाच टाकीत नीट बघितलं. कोपऱ्यातल्या तपकिरी कलमांपाशी तिची नजर थांबली.

"ही मेली का?"

मी हो म्हणून मान डोलावली.

"माझ्यामुळं?"

नाही म्हणायचं वाक्य मला याही वेळी पटकन जुळलं नाही. आईने ओळखायचं ते ओळखलं. पदर खोचला आणि म्हणाली, "पानी कुटनं येतं आन् कुटं जातं, दाव मला."

मी पंप दाखवला, दगड दाखवले, पाणी कसं फिरतं ते हवेत बोटाने काढून दाखवलं. तिचं समाधान झालं नाही. पाणी दिसत नाही तर तू कशावरून सांगतेस, असं तिचं म्हणणं. भाताच्या खाचरात पाणी कुठे तुंबतंय हे तिला काडीकचऱ्यावरून कळतं. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या, दिवसांत बांध फोडायचा कुठे आणि बुजवायचा कुठे हे घरात तीच ठरवते. ती आत गेली आणि मी काही बोलायच्या आत पोत्याशेजारचं चिमूटभर तूस आणून टाकीत टाकलं.

मी ओरडलेच. भाताचं तूस, चाळीस लिटर मोजूनमापून केलेल्या समुद्रात. आई म्हणाली, "गप. बघ."

तूस पंपापासून उडालं, समोरच्या काचेला लागून वळलं, आणि मी मध्ये रचलेल्या दगडांपाशी येऊन दोन बाजूंना फाटलं. उजवीकडचं फिरत राहिलं. डावीकडचं दगडांच्या मागे गेलं आणि तिथेच, त्या तीन कलमांच्या अंगावर, गोळा होऊन बसलं. तो दगडांचा ढीग मी एका फोटोत बघून रचला होता. आडवा, टाकीच्या एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत. तो दिसायला फार छान होता.

"आडवा बांध घातलास तू," आई म्हणाली. "पाण्यानं जावं कुटनं?"

तिने कोपरापर्यंत हात धुतले, मी साबण नको म्हटल्यावर नुसत्या पाण्याने परत धुतले, आणि मधला एक दगड काढून बाहेर ठेवला. पंपाचं तोंड मी वरच्या बाजूला वळवलं. थोड्या वेळाने कोपऱ्यातलं तूस एक-एक करत उठलं आणि त्या फटीतून निघून गेलं. हे सगळं मी महिनाभर पुस्तकात शोधत होते.

तूस काढायला मात्र मला तीन दिवस लागले. चहाच्या गाळणीने मी ते एक-एक टिपलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी पाळीवरून येऊन त्याच गाळणीने स्वतःचा चहा गाळला आणि एक घोट घेऊन बराच वेळ कपाकडे बघत राहिले. त्यांना काही सांगायची आईला आणि मला, दोघींनाही हिंमत झाली नाही.

पंप आता बंद होत नव्हता. आई दुपारी आतल्या खोलीत, तिरक्या कॉटवर झोपायला लागली. नवे फोटो मी बघितले तेव्हा कलमं दिवसभर फुललेली होती. एकला, दीडला, दोनला. माझा शोध संपला होता आणि चर्चासत्र चार दिवसांवर आलं होतं.

खोटं सांगत नाही, गप्प बसायचा विचार मी केला. दोन महिन्यांचे फोटो खरे होते. झोप दिसत होती. विचारलंच तर नव्या फोटोंबद्दल सांगायचं, नाही तर नाही. पण मॅडमनी हात धुताना म्हटलेलं ते वाक्य मला आठवायचं. त्यांच्याकडे आता काही नव्हतं, आणि माझ्याकडे बाराऐवजी आठ होती, आणि मॅडम बाराच समजून होत्या.

चर्चासत्राच्या दिवशी मी पहिला फोटो लावला आणि म्हणाले, "माझ्या प्रकल्पाचं नाव बदललं आहे." मग सगळं सांगितलं. आईचं, बटणाचं, गेलेल्या चार कलमांचं. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, रविवारी काय व्हायचं? मी म्हणाले, "रविवारी मी घरी असते." वर्ग एवढा हसला की शेजारच्या विभागातून कोणीतरी डोकावून गेलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आधी विचारलं की आठ नक्की का. मी नक्की म्हणाले. मग त्या वर्गाकडे वळून म्हणाल्या की रोज ठरलेल्या वेळी प्रवाह थांबवला तर काय होतं याची दोन महिन्यांची नोंद समोर आहे, आणि तुलनेसाठी प्रवाह न थांबवलेला एक दिवस दर आठवड्याला मुद्दाम सोडलेला आहे. "प्रयोगाची आखणी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "फक्त ती हिच्या आईची आहे."

माझ्या वहीवर त्यांनी एवढंच लिहिलं, 'निरीक्षण बरोबर, कारण चूक.' लाल पेनाने, माझ्या दोन रेघांच्या खाली.

बाहेर वऱ्हांड्यात येऊन मोबाइल बघितला तर आईचे नऊ फोन येऊन गेले होते. मी लगेच फोन लावला.

"लाइट गेलीय अकरापासनं," आई म्हणाली. धापा टाकत होती. "पानी थांबलंय सगळं. वाटीनं वर उचलून सोडतीय. हात लय दुखाया लागला. तुजं झालं का बोलून?"

"झालं," मी म्हणाले. आणि मला पहिल्यांदा सुचलं ते मी विचारलं. "आई, वाटी कोणती?"

"आमटीची. धुतलीय."

"साबणानं?"

पलीकडे पाण्याचा आवाज आला. उचललेलं, सोडलेलं.

"न्हाई," ती म्हणाली. "राखेनं घासली. आन् नुसत्या पाण्यानं धुतली चारदा. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी पुढची लोकल पकडली. घरी पोचले तेव्हा वीज नुकतीच आली होती, पंप चालू होता आणि आई कट्ट्याला टेकून खाली बसली होती, वाटी मांडीवर. मी कलमं मोजली. आठ होती आणि आठही फुललेली होती. पुढच्या महिन्यात पाच मॅडमच्या नव्या टाकीत गेली. तीन आमच्याकडे राहिली, ती आता अकरा झाली आहेत.

त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं की आमटीच्या वाटीने तीन तास पाणी हलवल्यास प्रवाळांना अपाय होत नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा थोडा विचार केला आणि 'आई' असं लिहिलं. रेघा नाही ओढल्या.